धीवराची चोच आणि बोईसरचे स्थानक

मराठीत 'कोळी' हा शब्द दोन जिवांच्या वाट्याला आला आहे. घराच्या आढ्याला जाळे विणून बसतो तोही कोळी आणि सातपाटीच्या किनाऱ्यावर फाटके जाळे मांडीवर घेऊन सांधत बसतो तोही कोळी. 'धीवर' या शब्दाची गोष्ट अशीच आहे. संस्कृतात धीवर म्हणजे मासेमार. कालिदासाच्या 'शाकुंतला'त माशाच्या पोटातून राजमुद्रेची अंगठी ज्याच्या हाती लागते आणि त्यापायी जो शिपायांचा मार खातो, तो धीवरच. मराठी पक्षिनामांत मात्र हा शब्द खंड्याच्या कुळातील पक्ष्यांसाठी येतो. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर निश्चल बसावे, एकाएकी खाली सूर मारावा आणि चोचीत मासा घेऊन परत जागेवर यावे, हा त्यांचा उद्योग.

शब्दांच्या अशा जोड्या पाहिल्या की व्युत्पत्तीच्या वाटेने घाईघाईने धावण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. कोळी हे जातिनाम आणि कोळी हे कीटकनाम एकाच मुळातून निघाले असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. तरीही एक गोष्ट निश्चित आहे. अमरकोशात 'तन्तुवाय' हे नाव विणकरालाही आहे आणि जाळे विणणाऱ्या कीटकालाही. प्राकृतातील 'कोलिअ' या शब्दालाही हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे माणसाचा एक धंदा आणि एका क्षुद्र जिवाचे कसब ही एकाच नावाची मानण्याची सवय आपल्या भाषांना फार जुनी आहे. कोणी कोणापासून शिकले, हे कोशकार सांगत नाहीत. ते दोघांना एका नावाखाली बसवून मोकळे होतात.

निसर्गातील रचनांवरून माणसाने यंत्रे कशी घडवली, या विषयावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. त्या लेखनात बहुधा चमत्काराचा सूर असतो: अमुक पानावरून तमुक रंग सुचला, अमुक माशावरून तमुक गाडी सुचली. आम्हांस येथे थोडा वेगळा प्रश्न विचारायचा आहे. जो शिकला त्याने, ज्याच्यापासून शिकला त्याचे पुढे काय केले? हा प्रश्न विचारायला पालघर आणि बोईसर-तारापूर हा मुलूख सोयीचा आहे. येथे एका बाजूस वारली पाडे आणि कोळीवाडे, दुसऱ्या बाजूस अणुवीज केंद्र आणि रासायनिक कारखाने, आणि आता या दोहोंमधून जाणारा अतिवेगवान रेल्वेचा मार्ग, अशा तीन काळांची वस्ती एकाच जिल्ह्यात आहे.

*

प्रथम जुन्या मतांकडे वळू. ग्रीक तत्त्वज्ञ डिमॉक्रिटस याचे एक मत प्लुटार्कने नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की महत्त्वाच्या गोष्टींत आपण प्राण्यांचे शिष्य आहोत. विणणे आणि रफू करणे आपण कोळ्यापासून शिकलो, घर बांधणे पाकोळीपासून आणि गाणे पक्ष्यांपासून. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील माणसाने कलांच्या उत्पत्तीविषयी केलेले हे विधान आहे. अ‍ॅरिस्टॉटलने पुढे काव्याच्या संदर्भात मांडलेल्या अनुकृतीच्या सिद्धांतापेक्षा ते जुने आहे. साहित्याचे विद्यार्थी अनुकृती म्हटले की नाटक आणि चित्र यांच्याकडे पाहतात. पण अनुकृतीचा हा दुसरा धागा सुतार, विणकर आणि गवंडी यांच्याकडे जातो.

आपल्याकडे याला समांतर अशी परंपरा भागवताच्या एकादश स्कंधात आहे. तेथे अवधूत आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, मधमाशी, मासा, कोळी असे सगळे तीत येतात. एकनाथांनी या स्कंधावरील आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली आणि ही यादी मराठी घराघरांत पोहोचली. येथील शिक्षण मात्र डिमॉक्रिटसच्या शिक्षणाहून निराळे आहे. अवधूत कोळ्यापासून विणकाम शिकत नाही. आपल्यातूनच तंतू काढून तो पुन्हा आपल्यातच गिळणाऱ्या त्या जिवात त्याला सृष्टीची उत्पत्ती आणि लय दिसतात. माशापासून तो मासेमारी शिकत नाही, जिभेचा संयम शिकतो. एकीकडे प्राणी हा कसब शिकवणारा आहे, दुसरीकडे तो आचरण शिकवणारा आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे प्राण्याला शिक्षकाचा मान आहे आणि माणूस शिष्याच्या जागी आहे. पुढील इतिहासात हा मान हळूहळू निघून गेला. जो गुरू होता तो नमुना झाला.

*

सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले बंदर. या किनाऱ्यावर बोंबील, कोळंबीसारख्या मासळीसाठी जे डोल जाळे लावतात, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. लांबलचक शंकूच्या आकाराची ही पिशवी असते. तोंड रुंद, आस मोठे; मागे मागे जावे तसतसे आस बारीक होत जाते आणि शेवटी मासळी साठते ती थैली. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना हे जाळे बांधतात आणि त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहासमोर धरतात. जाळे ओढावे लागत नाही. पाण्याची ओढच जाळ्याचे तोंड उघडते आणि मासळी आत घालते. ओढ उलटली की जाळ्याचे तोंडही उलटावे लागते. म्हणून डोलीवाल्याचा दिवस घड्याळापेक्षा तिथीवर चालतो.

कोळ्याचे जाळे जसे माशीच्या उडण्यावर जगते, तसे हे जाळे समुद्राच्या चालण्यावर जगते. दोन्ही ठिकाणी शिकारी स्थिर आहे. डोल जाळे कोळ्याकडे पाहून सुचले याचा पुरावा कोणी देऊ शकणार नाही, आणि तशी गरजही नाही. महत्त्वाचे हे की या कसबात दुसऱ्याच्या गतीशी भांडण नाही, तिची ओळख आहे.

वारल्यांचा तारपा हे याहून वेगळे उदाहरण. वाळवलेला दुधी भोपळा पोकळ करून त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा गुंडाळतात. भोपळ्याच्या पोटातून हवा नळ्यांत जाते, आणि वादक गालांत हवा धरून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. येथे निसर्गाच्या रचनेची नक्कल केलेली नाही, ती रचनाच वापरली आहे. भोपळ्याने स्वतःच्या बियांसाठी जी पोकळी वाढवली, तीच सुरासाठी कामी आली. नक्कल आणि वापर यांत हा भेद केला पाहिजे, कारण दोन्हींचे परिणाम निराळे होतात. जो भोपळा वापरतो त्याला दरवर्षी भोपळ्याचा वेल लावावा लागतो. जो भोपळ्याचा आकार घेऊन पत्र्याचे वाद्य करील, त्याला वेलाची गरज उरत नाही. वापरात शिष्य गुरूच्या दारात राहतो. नक्कल करता आली की तो दार सोडून जाऊ शकतो. यंत्रयुगातील अनुकरणाची सारी शक्ती आणि सारा धोका या एका फरकात आहे.

*

या दुसऱ्या प्रकारच्या अनुकरणाचे एक आरंभीचे आणि ठळक उदाहरण बोगद्याचे आहे. लाकडी गलबतांच्या काळात दर्यावर्दी लोकांचा एक मोठा शत्रू म्हणजे टेरेडो नावाचा प्राणी. दिसायला तो किड्यासारखा लांबट, पण कुळाने शिंपल्यांचा. त्याच्या तोंडाशी दोन छोट्या शिंपा असतात आणि त्या किसणीसारख्या फिरवून तो लाकूड पोखरत जातो. पोखरलेली वाट ढासळू नये म्हणून तिला तो आतून चुन्याचे अस्तर देतो. अशा जातीचे प्राणी आपल्या खाड्यांतही आहेत. ते होड्यांची फळकुटे पोखरतात आणि कांदळवनातील पडलेली खोडेही.

मूळचा फ्रेंच असलेला मार्क ब्रुनेल हा अभियंता इंग्लंडमध्ये गोदीच्या कामात असताना त्याने या प्राण्याची पोखरण पाहिली, असे सांगितले जाते. नदीच्या तळाखालच्या भुसभुशीत मातीतून बोगदा खणायचा तर खणणाऱ्याच्या डोक्यावर माती कोसळते, हा त्या काळचा न सुटलेला प्रश्न होता. ब्रुनेलने १८१८ साली बोगदा खणण्याच्या ढालीचे पेटंट घेतले. लोखंडी चौकटीच्या खणांत उभे राहून मजूर समोरची माती थोडी थोडी काढीत, चौकट पुढे सरके आणि मागे लगेच विटांचे बांधकाम होई. समोर पोखरणे, मागे अस्तर देणे, हा क्रम टेरेडोचाच. लंडनमध्ये थेम्स नदीखालचा बोगदा १८२५ साली सुरू झाला आणि पाणी शिरणे, माणसे दगावणे, पैसा संपणे हे सारे सोसून १८४३ साली खुला झाला. आज पाण्याखालचे बोगदे खणणारी प्रचंड फिरत्या तोंडाची यंत्रे या ढालीच्याच वंशातली आहेत.

दुसरे उदाहरण जपानचे. तेथील अतिवेगवान गाडी १९६४ साली सुरू झाली. पुढे वेग वाढवू लागले तसा ओसाकाच्या पश्चिमेकडील मार्गावर एक अडचण पुढे आली. या मार्गाचा जवळजवळ निम्मा भाग बोगद्यांतून जातो. वेगाने बोगद्यात शिरणारी गाडी समोरची हवा दाबते, तो दाब लाटेसारखा गाडीच्या पुढे धावतो आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडताना स्फोटासारखा आवाज करतो. आसपासच्या वस्तीला तो असह्य होता. एजी नाकात्सू या अभियंत्याकडे तांत्रिक विकासाचे काम होते आणि त्यांना पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. विरळ हवेतून दाट पाण्यात कमीत कमी शिंतोडे उडवत घुसणारा धीवर त्यांच्या ध्यानी आला. बाहेरच्या मोकळ्या हवेतून बोगद्यातल्या कोंडलेल्या हवेत शिरणाऱ्या गाडीचाही प्रश्न तोच होता. १९९७ साली धावू लागलेल्या गाडीचे नाक पंधरा मीटर लांब आणि चोचीसारखे निमुळते होते. वीज घेणाऱ्या छपरावरील दांडीचा आवाज कमी करण्यासाठी त्यांनी घुबडाच्या पिसाच्या कडेला असणाऱ्या फणीसारख्या दात्यांचा आधार घेतला. ज्याचा घुमणे-ओरडणे आपण अपशकुन मानतो, त्याचे निःशब्द उडणे तेथे उपयोगी पडले. गाडीचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत गेला आणि वीजही कमी लागू लागली.

ही कथा इतकी सुबक आहे की इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. गाडीचे नाक केवळ पक्षी पाहून ठरले नाही. नळीतून निरनिराळ्या आकारांच्या प्रतिकृती सोडून आणि संगणकावर गणिते करून जो आकार सर्वांत चांगला ठरला, तो चोचीच्या फार जवळचा निघाला. म्हणजे धीवर हा येथे काही अंशी गुरू होता आणि काही अंशी साक्षीदार. न्यूटनच्या सफरचंदाप्रमाणे अशा कथा मागाहून गुळगुळीत होत जातात. पण ही सावधगिरी बाळगूनही एक ऋण शिल्लक राहते. प्रश्न कसा मांडावा हे पक्ष्याने सांगितले, आणि प्रश्न नीट मांडला गेला म्हणूनच उत्तर तपासता आले. त्याच १९९७ साली जॅनिन बेन्यस यांच्या पुस्तकाने या विद्येला इंग्रजीत एक नाव लोकप्रिय करून दिले. मराठीत तिला जैवानुकरण म्हणता येईल. बेन्यस यांच्या मांडणीत निसर्ग हा नमुना तर आहेच, पण मापदंड आणि मार्गदर्शकही आहे. कारखान्यांनी यांतला पहिला शब्द तेवढा उचलला.

*

आता बोईसरकडे येऊ. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, भारतातले पहिले. अणुभट्टीला प्राणिसृष्टीत गुरू नाही. ती माणसाच्या बुद्धीची स्वतंत्र निर्मिती म्हणावी लागेल; तिला थंड ठेवायला मात्र समुद्राचे पाणी लागते. त्यानंतर बोईसरभोवती औद्योगिक वसाहत वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यांकनात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर सर्वांत वर होते. ज्या खाड्यांत ते सांडपाणी पोहोचले त्या खाड्या मासळीच्या, आणि म्हणून धीवरांच्याही. धीवर हा शब्द येथे वाचकांनी दोन्ही अर्थांनी घ्यावा.

मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसली. सुमारे ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्थानके ठरली असून त्यांतले एक बोईसरला आहे. तंत्रज्ञान जपानचे. येथे कोणत्या बनावटीची गाडी धावेल याविषयीचे बेत बदलत आले आहेत. पण बोगद्यातील दाबाचा प्रश्न जेथे आहे तेथे लांब, निमुळते नाक हे आलेच. पालघर जिल्ह्यात हा मार्ग डोंगरातल्या बोगद्यांतून जातो. दक्षिणेस मुंबई ते शिळफाटा असा एकवीस किलोमीटरचा भूमिगत भाग असून त्यांतले सात किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून जातात. तेथे ब्रुनेलच्या ढालीची वंशज यंत्रे योजली आहेत. म्हणजे या एका प्रकल्पात खाडीत राहणाऱ्या दोन जिवांची विद्या एकत्र आली आहे: टेरेडोची पोखरण आणि धीवराची चोच.

आणि हा मार्ग पुरा करण्यासाठी खाडीतली कांदळवने तोडावी लागत होती. मुंबई, ठाणे आणि पालघर या भागांत मिळून सुमारे बावीस हजार कांदळझाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. मूळ आराखड्यात हा आकडा त्रेपन्न हजारांहून अधिक होता. तो आराखडा बदलून खाली आणला गेला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तोडलेल्यांच्या पाचपट झाडे लावण्याची हमीही देण्यात आली आहे. आम्ही रेल्वेच्या विरोधात नाही. विरार–डहाणू लोकलच्या डब्यात पहाटे उभा राहणारा माणूस वेगाला नावे ठेवू शकत नाही. पण ज्याची चोच घेतली त्याची फांदी तोडावी लागते, या घटनेत एक अशी विसंगती आहे की ती न्यायालयाच्या निकालात मावत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने ती ओळखली पाहिजे, कारण ती उपरोधाची आहे.

शिवाय कांदळवन हे स्वतः एक न वाचलेले पुस्तक आहे. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहिली तर ती खारट लागते; मुळांनी घेतलेले मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाची रीत वेगळी, तो मीठ मुळाशीच अडवतो. कोरियातील संशोधकांनी २०१६ साली कांदळाच्या एका भावंडाच्या मुळांचा अभ्यास केला. मुळाच्या सर्वांत बाहेरच्या थरातच खाऱ्या पाण्यातील बरेचसे सोडियम अडते, असे त्यांना दिसले आणि समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी त्या रचनेचा उपयोग होईल का, याचा ते विचार करू लागले. जी झाडे पाणी गोडे करण्याची युक्ती जाणतात, ती येथे हजारोंनी मोजून, क्रमांक लावून तोडली जातात. पाचपट रोपे लावणे म्हणजे पाचपट जंगल उभे करणे नव्हे. रोप लावता येते. खेकडे, निवट्या, पोखरणारे किडे आणि वरच्या फांदीवरचा खंड्या यांच्यासह उभे राहणारे वन वर्षानुवर्षांनी होते.

*

या भूमीला ऋणाचा इतिहास फार चांगला ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले म्हणून वारली तरुण आणि त्याची बायको पुढे वर्षानुवर्षे त्याच्या शेतात राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ही प्रथा आणि वेठबिगार यांच्याविरुद्ध १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात जो उठाव झाला, त्याची कथा गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ते पुस्तक मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. त्या व्यवहारात धनको लिहिता येणारा होता आणि ऋणको अंगठेबहाद्दर. म्हणून फेडलेले कर्जही फिटत नसे. आज आम्ही ज्या ऋणाविषयी बोलत आहोत त्यात जागा नेमक्या उलट आहेत. येथे ऋणकोच्या हातात लेखणी, नकाशा आणि कायदा आहे, आणि धनकोला बोलता येत नाही. वही ज्याच्या हातात तो आपल्या सोयीने हिशेब लिहितो, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

अशा हिशेबात आपण काय करू शकतो? याचे उत्तर आम्हांस अभियांत्रिकीपेक्षा वारली भिंतीवर अधिक स्पष्ट दिसते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे (त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले) ही चित्रे जगभर गेली. पण मुळात ती लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायची. अभ्यासक सांगतात की या चित्रांतले वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आले, त्रिकोण डोंगरांवरून आणि टोकदार झाडांवरून. चौकोन मात्र निसर्गात सहजी दिसत नाही. तो माणसाने स्वतः योजला. हा चौकोन म्हणजे लग्नाचा चौक. आणि माणसाने स्वतःच्या बुद्धीने काढलेल्या या एकमेव आकृतीत वारली कोणाला बसवतात? पालघाट देवीला, जी झाडांची, अंकुरण्याची, सुफलतेची देवता आहे. जे सारे उसने घेतले त्यातून नाचणारी माणसे आणि डोंगर काढले. जे स्वतःचे होते ते उसने देणारीला आसन म्हणून दिले.

चौकोन आजही आखले जात आहेत. भूसंपादनाच्या नकाशावर, सर्व्हे नंबरांत, स्थानकाच्या आराखड्यात. त्रेपन्न हजारांचे बावीस हजार करता येतात, म्हणजे आराखडा वाकवता येतो, हे आपण पाहिले आहे. चौकात देवीला जागा ठेवायची ती आखणी करतानाच ठेवावी लागते. मागाहून कोपऱ्यात रोपे लावून ती होत नाही. जैवानुकरणाच्या अभ्यासक्रमात धीवराच्या चोचीचा धडा असतोच. त्या धड्याच्या शेवटी, हा पक्षी कोणत्या खाडीवर, कोणत्या झाडावर बसतो आणि ते झाड आज उभे आहे का, एवढा एक प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला जावा. बोईसरच्या विद्यार्थ्यांना त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. नवापूरच्या खाडीपर्यंत जाऊन ते पाहता येईल.